बिडाचा ब्रेक की सिरॅमिकचा?

मोटार विकत घ्यावयास निघालेला मनुष्य विक्रेत्याला अनेक प्रश्न विचारतो. गाडी किती वेगाने धावेल, हा प्रश्न त्यात हमखास असतो. ती किती अंतरात थांबेल, हा क्वचितच असतो. माहितीपत्रकेही त्याच वळणाची असतात. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचण्यास लागणारे सेकंद ठळक अक्षरांत छापलेले असतात, आणि शंभरावरून शून्यावर येण्यास लागणारे मीटर मात्र शोधून काढावे लागतात. ब्रेक हा विषय एकदम पुढे येतो तो खरेदीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, पर्यायी सामग्रीच्या यादीत, आणि तोही एका मोठ्या रकमेच्या रूपाने.

नवा रायपूरसारख्या शहरात या विषयाला निराळे महत्त्व आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. पुढे जुन्या रायपूरच्या आग्नेयेस, विमानतळाच्या पलीकडे, मोकळ्या माळावर नव्या राजधानीची आखणी झाली. मंत्रालयाचे महानदी भवन, विभागप्रमुखांचे इंद्रावती भवन आणि क्रिकेटचे विशाल स्टेडियम उभे राहिले. या सर्वांना जोडणारे रस्ते रुंद, सरळ आणि वाहतुकीच्या मानाने बरेच मोकळे आहेत. भिलाईचा पोलाद कारखाना आणि सिलतरा-उरला येथील लोखंड-पोलादाचे उद्योग यांनी या परिसरात उद्यमशील वर्ग निर्माण केला. त्या वर्गातील नव्या पिढीला वेगवान मोटारींचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. भोसल्यांच्या काळापासून येथे स्थायिक झालेली मराठी घराणीही या वर्गात आहेत.

आमच्याकडे वाहनकर्जाच्या चौकशीसाठी आलेल्या अशाच एका ग्राहकांनी कोटेशनमधील एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “साहेब, ब्रेक तर गाडीला असतातच. मग हे दहा लाखांहून अधिक कशाचे?” ती ओळ कार्बन-सिरॅमिक ब्रेकची होती. प्रश्न रास्त होता. कर्जमंजुरीच्या दृष्टीने त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण त्या वाक्याने ग्राहकाचा निर्णय होत नाही. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम नावातील घोटाळा दूर करू. वेगवान मोटारींच्या चर्चेत साध्या ब्रेकला ‘स्टीलचे ब्रेक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ती स्वीकारू नये. मोटारीच्या चाकामागे फिरणारी चकती बहुधा पोलादाची नसते; ती ओतीव लोखंडाची, म्हणजेच आपल्या नेहमीच्या शब्दात बिडाची असते. पोलादात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा कमी असते, तर बिडात ते तीन टक्क्यांच्या वर जाते. हा जादा कार्बन ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झपाट्याने पसरवितात आणि कंपने गिळून टाकतात, त्यामुळे ब्रेक दाबताना किंचाळत नाही. स्वयंपाकघरातील बिडाचा तवा आठवावा. तो तापावयास वेळ घेतो, एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, पाण्याचा हात लागून तसाच राहिला तर गंजतो, आणि वर्षानुवर्षे टिकतो. ब्रेकच्या चकतीचे गुणदोष नेमके हेच आहेत. कोल्हापूर आणि बेळगाव येथील ओतकामाचे कारखाने मोटारींसाठी बिडाचे सुटे भाग घडवितात, ते याच धातूच्या जोरावर. खऱ्याखुऱ्या पोलादाची चकती पाहावयाची असेल तर मोटारसायकलीकडे पाहावे. तेथे गंज न चढणाऱ्या पोलादाचा वापर होतो.

आता ब्रेक करतो काय, ते पाहू. ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत तो गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ५ लाख ८० हजार जूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी २०० किलोमीटरला ती सुमारे २३ लाख जूल होते. एवढ्या उष्णतेने साधारण सात लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. ही सारी उष्णता पाच-सहा सेकंदांत चार चकत्यांना पोटात घ्यावी लागते आणि मग वाऱ्यावर सोडून द्यावी लागते. चांगला ब्रेक आणि सामान्य ब्रेक यांतील फरक मुख्यतः या दोन क्रियांतील फरक आहे.

चकतीच्या ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली. त्या वर्षी फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह उतरलेली जॅग्वार विजयी झाली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून त्यांना वळणापूर्वी लवकर वेग कमी करावा लागे; जॅग्वारचे चालक मात्र उशिरा ब्रेक दाबत आणि तेवढे अंतर कमावीत. पुढे बिडाची चकतीही अपुरी वाटू लागली ती विमानांना. ध्वनीपेक्षा वेगवान असलेल्या काँकॉर्ड विमानासाठी कार्बनचे ब्रेक वापरले गेले, कारण तेथे प्रत्येक किलो वजनाचे मोल होते. १९७६ च्या सुमारास ब्रॅबम संघाने ही कल्पना फॉर्म्युला वन शर्यतीत आणली. आपल्या देशातही हे तंत्रज्ञान परके नाही. ‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानासाठी कार्बनच्या ब्रेक-चकत्या हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित करण्यात आल्या.

पण निव्वळ कार्बनचा ब्रेक रस्त्यावर चालत नाही. तो थंड असताना जवळजवळ पकडच घेत नाही. काहीशे अंश सेल्सिअस तापल्यावर त्याचे खरे रूप प्रकट होते. शर्यतीत तो सतत तापलेला असतो. घरातून निघून पहिल्याच चौकातील लाल दिव्याशी थांबणाऱ्या मोटारीला तो उपयोगाचा नाही. ब्रॅबमच्या त्या मोटारींचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी पुढे १९९२ साली मॅकलारेन एफ-१ ही जगातील सर्वांत वेगवान रस्त्यावरची मोटार घडविली, तेव्हा तिला बिडाच्याच चकत्या बसविल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यातून वाट निघाली ती सिरॅमिकची. कार्बन तंतूंचे बारीक तुकडे राळेत मिसळून साच्यात दाबतात. तो गोळा हवेविरहित भट्टीत भाजला की राळेचा कोळसा होतो आणि सच्छिद्र कार्बनची चकती उरते. मग सुमारे १५०० अंशांवर वितळलेले सिलिकॉन त्या छिद्रांत शोषले जाते आणि कार्बनशी संयोग पावून सिलिकॉन कार्बाइड बनते. हा पदार्थ इतका कठीण की त्याला आकार देण्यास हिऱ्याची हत्यारे लागतात. एक चकती तयार होण्यास काही आठवडे जातात. बिडाची चकती ओतून, कातून त्या मानाने फारच थोड्या वेळात तयार होते. किमतीतील तफावतीचे निम्मे स्पष्टीकरण येथेच आहे. पोर्शे कंपनीने २००१ साली ९११ जीटी-२ या मोटारीला हे ब्रेक मूळचेच बसविले. पुढे फेरारीने आपल्या सर्व मोटारींना ते देण्यास आरंभ केला. तेथे ग्राहकाला निवड करावयाची नसतेच. निवडीचा प्रश्न येतो तो पोर्शे, बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज यांच्या वेगवान मोटारींत, जेथे बिडाचा ब्रेक मूळ किमतीत मिळतो आणि सिरॅमिकसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

या पैशांत काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे वजन. सिरॅमिक चकती तेवढ्याच आकाराच्या बिडाच्या चकतीच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. चारी चाके मिळून पंधरा-वीस किलो वाचतात. प्रवाशाच्या एका बॅगेइतके हे वजन क्षुल्लक वाटेल, पण ते स्प्रिंगच्या खालचे आणि फिरणारे वजन आहे. चाक हलके असेल तर ते रस्त्याच्या उंचसखलपणाला लवकर जुळवून घेते आणि सुकाणूही हलके वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे उष्णतेचा सामना. वारंवार जोराने ब्रेक दाबले तरी सिरॅमिक चकती वाकत नाही, तिची पकड ढिली पडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तिला गंज चढत नाही. छत्तीसगढच्या पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की बिडाच्या चकतीवर तांबूस थर दिसू लागतो. पहिल्या चार-सहा वेळा ब्रेक दाबताच तो निघून जातो, पण गाडी महिनोन्‌महिने उभीच राहिली तर गंज खोल जातो. सिरॅमिक ब्रेकमुळे चाकांवर काळी भुकटीही फारशी साचत नाही. आणि रस्त्यावरच्या सामान्य वापरात या चकत्या अतिशय दीर्घकाळ टिकतात.

एक गोष्ट मात्र या पैशांत मिळत नाही, आणि बहुतेक ग्राहकांची समजूत नेमकी तीच मिळते अशी असते. सिरॅमिक ब्रेकमुळे गाडी आणीबाणीच्या प्रसंगी कमी अंतरात थांबत नाही.

विधान धाडसी वाटेल. त्यामागील कारण मात्र साधे आहे. गाडी अखेरीस थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीने. आजच्या कोणत्याही चांगल्या मोटारीचा बिडाचा ब्रेक चाक पूर्णपणे अडवून धरण्याइतका समर्थ असतोच. म्हणून तर चाक घसरू नये यासाठी एबीएस ही यंत्रणा बसवावी लागते. एबीएस काम करू लागले, म्हणजे पायाखाली ती थरथर जाणवू लागली, की ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा अधिक आहे हे सिद्ध झाले. त्यापुढे ब्रेक कितीही मौल्यवान असला तरी अंतरात फरक पडत नाही. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर ताशी १०० किलोमीटर वेगाच्या मोटारीला ब्रेक लागल्यापासून थांबावयास सुमारे ४० मीटर लागतात. पावसाने पकड निम्म्यावर आली तर तेच अंतर ८० मीटरच्या घरात जाते. ताशी १२० किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर ते सुमारे ५७ मीटर होते. शिवाय संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी ३३ मीटर मागे पडलेले असतात. रात्रीच्या वेळी वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय ही छत्तीसगढमध्ये पावसाळ्यातील नित्याची गोष्ट आहे. राज्यशासनाला २०२० साली मोकाट जनावरांसाठी ‘रोका-छेका’ मोहीम हाती घ्यावी लागली होती. त्या गाईच्या आणि मोटारीच्या मधले अंतर टायर, वेग आणि चालकाचे अवधान ठरविते. चकती कशाची आहे, याचा त्या पहिल्या आणि एकमेव थांबण्याशी संबंध येत नाही.

संबंध येतो तो दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या थांबण्याशी. याचे उदाहरण मराठी वाचकाला परदेशी शर्यतीतून देण्याची गरज नाही; बोरघाट पुरेसा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. दीड हजार किलोची मोटार तेवढी खाली येते तेव्हा सुमारे ७४ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. ताशी २०० किलोमीटरवरून तीन वेळा थांबण्याइतकी. वेग मुळीच न वाढविता, केवळ उताराने. पंचवीस टनांच्या ट्रकच्या बाबतीत हाच आकडा बारा कोटी जूलच्या पुढे जातो. इंधन वाचविण्याच्या लोभाने गिअर काढून, केवळ ब्रेकच्या भरवशावर हा उतार उतरणाऱ्या ट्रकचे काय होते, हे त्या घाटातील अपघातांच्या बातम्यांनी आपल्याला पुनःपुन्हा सांगितले आहे. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनच पचविते आणि ब्रेक थंड राहतो. हा उपाय फुकट आहे, आणि दहा लाखांच्या मोटारीला तो जितका लागू आहे तितकाच दोन कोटींच्या मोटारीलाही.

तापलेल्या ब्रेकमध्ये प्रथम दगा देते ते बहुधा ब्रेक ऑइल. चकतीची पाळी नंतर येते. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ अंश इतकी खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा पेडल एकाएकी मऊ होऊन तळाला जातो. चकती सिरॅमिकची असली तरी कॅलिपरमधील ऑइल तेच असते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे असे मोटार-कंपन्या सांगतात. त्याचा खर्च किरकोळ आहे. कोट्यवधीच्या गाड्यांतही ते वर्षानुवर्षे न बदललेले आढळते.

रायपूरचा भूगोल या हिशेबात धरला पाहिजे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे आणि नागपूरही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. दुर्ग, राजनांदगाव, साकोली, भंडारा या मार्गाने नागपूर गाठावे आणि पुढे समृद्धी महामार्गाने मुंबईकडे जावे, हा येथील वेगवान मोटारमालकाचा आवडता प्रवास. नागपूर ते मुंबईजवळील आमणेपर्यंतचा सुमारे ७०० किलोमीटरचा तो महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. इगतपुरीच्या पुढे लांब बोगद्यामुळे कसारा घाटाची चढउतारही टळली आहे. कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. अशा रस्त्यावर तासन्‌तास ब्रेकला हातही लागत नाही, म्हणजे पायही लागत नाही. तेथे खरा प्रश्न टायरचा आहे. महामार्गाच्या प्रवेशनाक्यांवर परिवहन विभागाने टायर-तपासणीची मोहीम राबविली आणि घासलेल्या टायरची वाहने परत पाठविली, ती याचमुळे. घाट म्हणावेत असे रस्ते रायपूरकराला जगदलपूरच्या वाटेवर केशकाल येथे आणि जबलपूरच्या वाटेवर चिल्पी येथे भेटतात. दोन्ही ठिकाणी अवजड वाहनांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगेने उतरावे लागते. बिडाची चकती लाल होईल अशी वेळ तेथे येत नाही.

मग ती वेळ येते कोठे? शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे असे मार्ग आहेत. तेथे मिनिटामिनिटाला ताशी दोनशेवरून ऐंशीवर यावे लागते आणि चकती सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापते. सिरॅमिक ब्रेकचा जन्मच अशा ठिकाणासाठी झाला, असे वाटेल. परंतु नियमितपणे शर्यतमार्गावर जाणारे अनेक हौशी मालक सिरॅमिक चकत्या काढून, जपून ठेवून, त्यांच्या जागी बिडाच्या बसवितात! कारण असे की तीव्र उष्णतेत चकतीतील कार्बन तंतू हवेतील प्राणवायूने हळूहळू जळू लागतात. रस्त्यावर गाडीच्या आयुष्याइतकी टिकणारी चकती तेथे काही हंगामांत संपते. एका सिरॅमिक चकतीच्या किमतीत बिडाच्या चारी चकत्या आणि पॅड येऊन वर पैसे उरतात. ज्याला या ब्रेकची खरोखर गरज आहे त्याला ते वापरणे परवडत नाही, आणि ज्याला परवडते त्याला बहुधा गरज नसते. बाजारपेठेत असे विरोधाभास पुष्कळ असतात; हा त्यांतील एक महागडा.

आता बँकेच्या खिडकीतून पाहू. अमेरिकेत पोर्शे ९११ साठी हा पर्याय साधारण आठ-नऊ हजार डॉलरला मिळत आला आहे. आयात होऊन येणाऱ्या मोटारीवर आपल्याकडे सीमाशुल्क व इतर कर पूर्ण किमतीवर लागत असल्यामुळे तीच रक्कम येथे पुष्कळ फुगते. सोयीसाठी ती १० लाख रुपये धरू. ही रक्कम ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात समाविष्ट केली, तर मासिक हप्ता सुमारे २०,७५८ रुपयांनी वाढतो. पाच वर्षांत एकूण १२ लाख ४५ हजारांहून अधिक रक्कम फेडावी लागते. त्याच काळात वाहनाचे विमा मूल्य ठरावीक घसारा-कोष्टकाप्रमाणे उतरत जाते. चार ते पाच वर्षे वयाच्या वाहनासाठी ही घट ५० टक्के धरतात. म्हणजे साडेबारा लाख देऊन विमा कंपनीच्या दृष्टीने पाच लाखांची वस्तू हाती उरते. फेरविक्रीत पर्यायी सामग्रीचा मोबदला मूळ गाडीच्या मानानेही कमीच येतो. कर्ज मिळण्यात अडचण नसते. कारखान्यातच बसविलेला पर्याय असल्याने तो गाडीच्या बिलातच येतो. प्रश्न केवळ ग्राहकाने स्वतःला विचारावयाचा आहे.

विम्याच्या बाबतीत दोन गोष्टींची खातरजमा करावी. कारखान्यात बसविलेल्या पर्यायांची किंमत विमा मूल्यात धरली आहे की नाही, ही पहिली. दुसरी अशी की झीज हा विम्याचा विषय नाही. चकती अपघातात फुटली तर दावा करता येईल. वापराने संपली तर खर्च मालकाचाच.

आणि चकती फुटण्याचा धोका रस्त्यापेक्षा पंक्चरवाल्याच्या दुकानात अधिक असतो. सिरॅमिक उष्णतेला भीत नाही, पण टोकदार आघाताला भिते. जड चाक काढताना किंवा बसविताना ते चकतीच्या कडेवर आदळले तर टवका उडू शकतो. म्हणून पोर्शे कंपनी अशा गाड्यांबरोबर चाक सरळ रेषेत सरकविण्यासाठी दोन मार्गदर्शक खिळ्या देते. महामार्गावरच्या ढाब्याशेजारी रात्री अकरा वाजता चाक बदलणाऱ्या मुलाला या खिळ्यांचे प्रयोजन समजावून सांगण्याची तयारी मालकाने ठेवावी. अशा मोटारींची अधिकृत दुरुस्ती केंद्रे मोजक्या मोठ्या शहरांतच असल्याने, रायपुरात फुटलेल्या चकतीसाठी गाडी ट्रकवर चढवून पाठविण्याचा खर्चही मनात धरलेला बरा.

याचा अर्थ सिरॅमिक ब्रेक घेऊच नये असा नव्हे. गाडी दहा-पंधरा वर्षे स्वतःजवळ ठेवावयाची आहे, वर्षातील बराच काळ ती उभी राहणार आहे, स्वच्छ चाके आणि हलके सुकाणू यांचे मालकाला खरोखर कौतुक आहे आणि रक्कम कर्जाऊ नाही, अशा वेळी ही निवड समंजस ठरू शकते. चाकाच्या आऱ्यांतून दिसणारे पिवळे कॅलिपर हीही काही जणांची निकड असते. पोर्शेच्या गाडीत पिवळा रंग सिरॅमिकची आणि बीएमडब्ल्यूच्या गाडीत सोनेरी रंग त्याच श्रेणीची खूण आहे. जाणकार तो रंग शंभर पावलांवरून ओळखतात. हौसेला मोल नसते, मात्र ती हौस आहे हे हप्ता भरताना माहीत असावे. दहा लाखांतील एक अंश दर दोन-तीन वर्षांनी उत्तम टायर बदलण्यासाठी आणि एक अंश बंदिस्त मार्गावर आणीबाणीचा ब्रेक दाबण्याचे शिक्षण घेण्यासाठी खर्च केला, तर थांबण्याचे अंतर प्रत्यक्षात कमी होईल, असे माझे मत मी त्या ग्राहकांना सांगितले. त्यांनी बिडाचे ब्रेक निवडले. हप्ता किती कमी झाला हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.

मधली वाटही आता उपलब्ध आहे. २०१७ साली पोर्शेने केयेन मोटारीसाठी बिडाच्या चकतीवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर चढविलेला ब्रेक आणला. तो साध्या बिडापेक्षा अधिक टिकतो, भुकटी फार कमी उडवितो आणि सिरॅमिकपेक्षा स्वस्त आहे. त्याचे कॅलिपर पांढरे असतात, कारण भुकटीच नाही तर ते काळे पडणार कशाने, हा कंपनीचा युक्तिवाद. या भुकटीकडे आता कायद्याचेही लक्ष गेले आहे. युरोपीय संघाच्या ‘युरो-७’ नियमांनी धुराबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही प्रथमच मर्यादा घातली आहे. विजेवरच्या मोटारींनी तर सारा प्रश्नच वेगळ्या पातळीवर नेला आहे. त्यांत वेग कमी करताना मोटरच जनित्र होऊन ऊर्जा बॅटरीत परत भरते. पोर्शेच्या टायकान या विजेवरच्या मोटारीत रोजच्या वापरातील सुमारे ९० टक्के वेळा चकतीला स्पर्शही होत नाही, असे कंपनी सांगते. फोक्सवॅगनने आपल्या आयडी-३ या मोटारीच्या मागच्या चाकांना चक्क जुने ड्रम ब्रेक दिले, कारण न वापरलेली उघडी चकती गंजते, झाकलेला ड्रम गंजत नाही.

शेवटी वापरलेली मोटार घेणाऱ्यांसाठी आणि अशा मोटारीवर कर्ज देणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांसाठी एक सूचना. वेगवान मोटारींचा दुसऱ्या हाताचा बाजार वाढतो आहे, आणि मूल्यांकन अहवालात ब्रेकविषयी बहुधा ‘समाधानकारक’ एवढाच शब्द असतो. बिडाच्या चकतीची झीज जाडीवरून मोजता येते. किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. सिरॅमिक चकती जाडीने फारशी कमी होत नाही. तिच्यातील कार्बन जळून जातो आणि ती आतून पोकळ, हलकी होत जाते. वरून पाहता ती नव्यासारखीच भासते. म्हणून पोर्शेच्या सिरॅमिक चकतीच्या मधल्या भागावर किमान वजनाचा आकडा कोरलेला असतो. मूल्यांकनकाराने चाक उतरवून, चकती काढून, ती वजनकाट्यावर ठेवली आहे आणि चारी चकत्यांचे वजन अहवालात स्वतंत्रपणे नोंदविले आहे, हे पाहूनच कर्जप्रस्तावावर सही करावी.